शेताची दृष्ट

एका सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत मी एकदा पसाभर मिरच्या जाळल्या आणि ज्या कारखान्याला आमचा विरोध होता, त्याचीच बाजू सिद्ध करून दाखवली. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. उलट सगळे नको नको म्हणत होते. पण तेव्हा मी चाळिशीच्या आतली होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत आता गेली आहे असं नाही. फक्त आता आजी झाल्यामुळे लोक ऐकून घेतात.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. देशात उदारीकरण आलं होतं, म्हणजे आमच्या घरापुरतं बोलायचं तर केबल आली होती आणि भांडायला चॅनेल वाढले होते. आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अलीकडे, एका नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. नातेवाईक विचारायचे, "तिकडे पुण्याचा पेपर त्याच दिवशी मिळतो का?" मिळायचा. पण इतक्या लांब आलो ते मामंजींच्या दम्यामुळे. पेठेत आमच्या खिडकीखाली रिक्षांचा थांबा आणि शेजारी भडभुंज्याची भट्टी. हिवाळ्यात माझे सासरे आडवे म्हणून व्हायचे नाहीत, उशांच्या उतरंडीला टेकून बसायचे, आणि त्यांच्या छातीतली शिट्टी आम्ही सगळे ऐकत पडायचो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना मोकळ्या हवेत न्या, नाहीतर माझ्या दवाखान्यातच एक खोली बांधून द्या."

मोकळी हवा म्हणजे आमच्या गॅलरीसमोरचं शेत. कधी ऊस, कधी ज्वारी, मध्येच कोथिंबिरीचा एखादा वाफा. शेताच्या पलीकडच्या टोकाला मालकांचं घर, गोठा आणि कडुनिंब. मामंजी संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि शेतावरून येणारा वारा छातीत भरून घ्यायचे. वर्ष सरेपर्यंत त्यांचा दम्याचा पंप खिशातून निघून टेबलाच्या खणात जाऊन पडला. आमच्या घरात हा केवढा सण होता, ते ज्यांनी ती शिट्टी ऐकली आहे त्यांनाच कळेल.

मामंजी पेपर वाचायचे म्हणजे निविदा आणि जाहीर नोटिसांसकट वाचायचे. एका सकाळी चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "सूनबाई, आपल्या समोरच्या शेतात आता लोखंड पिकणार आहे."

शेताचा विभाग बदलून औद्योगिक करायचा प्रस्ताव होता आणि हरकती मागवल्या होत्या. येणार होता लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. म्हणजे पुन्हा भट्टीच.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं! भट्टी येईल तसं आपण पुढे सरकायचं. हडपसर झालं, आता मांजरी, मग लोणी काळभोर. माझं वय बघता सोलापूर काही गाठायचो नाही."

बोलता बोलता त्यांनी खण उघडून पंप आहे ना ते बघितलं आणि पुन्हा बंद केला. धाप लागलेली नव्हती. ते बघून मी त्या क्षणी कृती समिती स्थापन केली.

समितीत सोसायटीचे चेअरमन होते. हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मुद्दा क्रमांक एक' असं सुरू व्हायचं. दुसरा मुद्दा येईपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असायचा. आणि महिला आघाडी म्हणून मी आणि माझा भिशीचा गट. सगळ्यांनी हरकती लिहिल्या. मी माझ्या हरकतीत लिहिलं की, भट्टीची काजळी गच्चीवर उडून आमच्या कुरडया काळ्या पडतील. चेअरमन वाचून म्हणाले, "मुद्दा गंभीर आहे. पण अगदी पहिला नको."

शेतमालकांच्या घरच्या वहिनी आम्हाला दूध घालायच्या. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, नुकत्याच आजी झालेल्या, आणि नातवाचं कौतुक करताना माप हमखास जास्त ओतणाऱ्या. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"वहिनी, तुम्ही कारखान्याला जमीन देताय?"

"मी कुटली देतीया? मालक देत्यात. कालव्याचं पानी येतंय का बगा. ऊस उभा वाळून चाललाय."

"अहो, पण धूर किती होईल!"

"धूर तुमच्याकडं जानार म्हनं. शेट बोलला, वारं सोसायटीकडंच आसतंय." उद्या दूध येणार नाही हे सांगावं तितक्या सहज त्या म्हणाल्या.

"आणि ते तुम्हाला चालेल?"

"ताई, तुमची बिल्डिंग हुबी राहिली तवा आमच्या बांधावरची बाभूळ पाडली. आमाला कुनी इचारलं व्हतं?"

मी म्हटलं, "उद्यापासून अर्धा लिटर जास्त घाला."

मग सुनावणीच्या आधी स्थळपाहणी ठरली. नगररचना खात्याचे अधिकारी स्वतः येऊन जागा बघणार होते. त्यांनी सोयीची वेळ विचारली, आणि ती ठरवायचं काम समितीने मला दिलं. हीच मोठी चूक, असं आमचे हे अजून म्हणतात. दुपारची वेळ तर आमच्याकडे कुणी सुचवतही नाही. संध्याकाळी आमची भिशी होती. मी कळवलं, सकाळी दहाला यावं.

आता मला चिंता पडली की साहेब येणार, स्वच्छ हवा बघणार आणि 'छान आहे की' म्हणून जाणार. धुराने काय होतं हे त्यांना दिसणार कसं? तेव्हा मला ती कल्पना सुचली. शेताला कारखान्याची नजर लागली आहे ना? मग आम्ही बायका साहेबांसमोर शेताची दृष्ट काढू. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकायच्या. वर ओलं पाचट, म्हणजे धूर भरपूर. धूर सोसायटीकडे येईल, गॅलरीत मामंजी खोकतील, आणि साहेबांचं हृदय द्रवेल. पेपरात फोटो येईल तो निराळाच. या फोटोसाठी कुठली साडी नेसायची, हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

चेअरमन म्हणाले, "मुद्दा क्रमांक एक, वारा."

"वाऱ्याचं मला सांगू नका. रोज संध्याकाळी मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढते. सगळे शेताकडून माझ्या तोंडावर येतात."

"सकाळी?"

"सकाळी काय वारा दुसऱ्या सोसायटीत राहायला जातो?"

चेअरमननी दुसरा मुद्दा मांडला नाही. माणूस शहाणा होता.

मामंजींना मी पढवायला गेले. "जीप आली की मफलर गुंडाळून गॅलरीत बसा, आणि धूर आला की जरा मोठ्याने खोका."

"हुकमावर खोकायला मी काय सर्कशीत आहे?"

"मामंजी, तुमच्याचसाठी चाललंय सगळं."

"तेच तर माझ्या छातीवर येतंय," ते म्हणाले. पण मफलर काढून ठेवला.

त्या सकाळी आम्ही सोसायटीच्या कुंपणाला लागून, शेताच्या बांधावर घमेल्यात निखारे फुलवले. मिरच्या लवंगी, मी स्वतः मंडईतून निवडून आणलेल्या. साहेब आले. बारीक अंगाचे, खिशाला इस्त्रीचा रुमाल. त्यांच्याबरोबर सफारी घातलेले कारखानदार शेठ आणि आमच्या वहिनींचे मालक. आम्ही साहेबांसाठी कुंपणाच्या आत खुर्ची मांडली होती, पण ते आधी हद्द बघतो म्हणून त्या दोघांना घेऊन शेतात उतरले. माझं तिकडे लक्ष कुठे होतं! मी मुठी आवळून शेताला ओवाळत होते. आल्यागेल्याची, शेठ-सावकाराची, वाटेवरच्या बिल्डराची, असं तोंडाला येईल त्याची नजर उतरवली आणि मुठी घमेल्यात सोडल्या. वरून पाचट.

पांढरा जाड धूर उठला. क्षणभर सरळ वर उभा राहिला, कुठे जावं याचा विचार करत असल्यासारखा. मग त्याने आमच्या सोसायटीकडे पाठ केली आणि शेतावरून थेट पलीकडे निघाला. सकाळचा वारा उलटा असतो. हे गावातल्या लहान पोराला माहीत होतं. मला कपडे काढण्यापलीकडचं काही माहीत नव्हतं.

वाटेत साहेब होते. आधी साहेब शिंकले, मग शेठ, मग मालक. इस्त्रीचा रुमाल कामाला आला. पण शेठ हुशार. ते डोळे पुसत पुसत म्हणाले, "साहेब, नोंद घ्या. सोसायटीकडे धूर अजिबात जात नाही. या बाईंनीच दाखवलंय!" वर गॅलरीत मामंजी खोकायचं विसरून, मफलर सोडून, कठड्यावर वाकून ही गंमत बघत होते. आणि वहिनींचे मालक ठसक्याने लालबुंद होऊन म्हणाले, "आवो, एवडा ठसका बसला म्हंजी नजर नव्हतीच की!"

तेही खरंच होतं. मिरच्या जाळून वाससुद्धा आला नाही, तर नजर लागलेली असते. ठसका बसला, तर काही नव्हतं. हे मला परकर नेसायच्या वयापासून पाठ होतं, आणि त्या दिवशी नेमकं आठवलं नव्हतं. नगररचनेच्या बाजूनेही हरले, दृष्टीच्या बाजूनेही हरले.

आणि मग पलीकडच्या घरातून तान्ह्या पोराचं रडणं आलं.

मी धावले. साडी खोचून, सऱ्यांमधून धडपडत. एक चप्पल मातीत रुतली ती तिथेच राहिली. कडुनिंबाला झोळी बांधलेली होती आणि वहिनी नातवाला त्यातून उचलून घराकडे नेत होत्या. पोर लाल झालं होतं. रडण्याच्या मध्ये श्वास अडकत होता, आणि त्या श्वासात एक बारीक शिट्टी होती. ती शिट्टी मी ओळखत होते. मागे आमच्या बायकांनी घाबरून घमेल्यात पाणी ओतलं, त्याने धूर आणखी वाढला. शेवटी चेअरमननी माती लोटली, तेव्हा तो थांबला.

वहिनींनी ओल्या फडक्याने पोराचं तोंड पुसलं, छातीशी धरून घरात फेऱ्या घातल्या. हळूहळू शिट्टी गेली. पोर आपली मूठ चोखायला लागलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एका चपलेवर दारात उभी.

"काय जाळलंत, ताई?"

"मिरच्या."

"कशापायी?"

"दृष्ट काढत होते."

"कुनाची?"

"शेताची."

त्यांनी पोराला दुसऱ्या खांद्यावर घेऊन माझ्याकडे बघितलं. राग होताच, पण इतका येडेपणा त्यांनीही पूर्वी बघितलेला नसावा.

"म्हंजी भट्टीचा धूर बी आसाच येनार," त्या म्हणाल्या. हे मला उद्देशून नव्हतं. "सकाळचं वारं घराकडं येतं, ह्ये मला ठावं हाय की. पन त्यात धूर कंदी बगितला नव्हता."

"संध्याकाळी आमच्याकडे येतो," मी कशीबशी म्हटलं. "सासऱ्यांना दमा आहे. आजच्यासारखीच शिट्टी वाजते त्यांची."

"चप्पल घिऊन जावा," त्या म्हणाल्या आणि दार लोटलं.

संध्याकाळी घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. आमचे हे पेपर तोंडासमोर धरून हसत होते. पेपर हलत होता त्यावरून कळत होतं. मामंजी तेवढे म्हणाले, "सूनबाई, त्या शेठने तुला पगारावर ठेवलं आहे का?"

"मामंजी!"

"नाही, प्रात्यक्षिक उत्तम झालं. मला काडीचाही त्रास झाला नाही."

मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला निमित्त झालं. डोळे पुसून बाहेर आले तर मामंजी टेबलाचा खण उघडून उभे होते. त्यांनी पंप काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. इतका वेळ टोमणे मारत होते, तेच बरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं. आम्ही पिशवीचं दूध आणलं आणि एरवी रोज चहाला नावं ठेवणाऱ्या मामंजींनी त्या चहाबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून काय ते समजा. आठवडा असा गेला. मग एका सकाळी बेल वाजली. दारात वहिनी, हातात किटली नाही, आणि मागे जिन्याच्या वळणावर मालक, मान खाली घालून.

"ती सुनावनी का काय, ती कुटं आसती?" वहिनींनी विचारलं.

मी मालकांकडे बघितलं.

"त्यांस्नी म्हनलं, भट्टीला जमीन द्यायची आसंल तर द्या. मी नातवाला घिऊन म्हायेरी जाते. ढोरं तुमी बगा, दूध बी तुमीच काडा."

मालक जिन्यातूनच म्हणाले, "गाय मला जवळ हुबं करत न्हाई."

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे बसने स्वारगेटला आणि तिथून पुढे दुसऱ्या बसने कचेरीत गेलो. साहेबांनी मला दारातच ओळखलं. आपली खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"बाई, त्या पिशवीत काय आहे?"

"पोळी-भाजी."

"उघडून दाखवा."

मी डबा उघडून दाखवला. सगळी कचेरी हसली, आणि मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग चेअरमननी 'मुद्दा क्रमांक एक' म्हणून सुरुवात केली, तर साहेब म्हणाले, "आपले सगळे मुद्दे लेखी आले आहेत." शेठ उठले आणि स्थळपाहणीचा दाखला दिला. साहेबही म्हणाले, "खरं आहे. मी स्वतः हजर होतो. धूर सोसायटीकडे गेला नाही."

कचेरीच्या फरशीत गडप होता आलं असतं, तर मी तेव्हाच झाले असते.

"मंग कुटं गेला, सायेब?" मागून आवाज आला. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या.

साहेबांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"तुमी तितंच व्हता. तुमच्या बी डोळ्यांतनं पानी आलं. त्यो धूर माझ्या घरात गेला. माझा नातू झोळीत निजला व्हता, त्याचा दम कोंडला. ह्या ताईंनी मिरच्या जाळल्या त्या येकदाच. भट्टी तर रोज पेटनार. सकाळच्याला आमच्यात येनार आन् सांजच्याला ह्यांच्यात. ह्यांच्या सासऱ्यास्नी दमा हाय. म्हातारं मानूस कुटं जानार सांगा?"

मग त्यांनी मालकांकडे नुसतं बघितलं. मालक उठले, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "अर्ज माझ्याच नावानं हाय, सायेब. माघारी घेतो."

शेठनी बॅग बंद केल्याचा खटका सगळ्यांनी ऐकला.

मूळ मालकच नको म्हणाला, म्हटल्यावर प्रस्ताव तिथेच मिटला. चेअरमन आतल्या आत खट्टू झाले, कारण त्यांचं भाषण तयार होतं. ते मग वाया गेलं नाही. कालव्याच्या पाण्यासाठी मालकांनी अर्ज केला, तेव्हा चेअरमन त्यांच्याबरोबर पाटबंधारे खात्यात गेले आणि मुद्दा क्रमांक एकपासून असे सुरू झाले की, तिथल्या लोकांनी कंटाळून पाळी लावून दिली, असं मालक सगळ्यांना सांगायचे. बांधावर आम्ही सोसायटीच्या खर्चाने झाडंही लावली. बाभूळ मात्र कुणी नर्सरीवाला देईना.

मामंजी पुढे बरीच वर्षं त्याच गॅलरीत बसले. पंप पुन्हा खणात गेला, आणि ते गेले त्यानंतर मी खण आवरला तेव्हा तिथेच, वापराविना पडलेला सापडला. आता समोर शेत नाही. कारखाना आला नाही, पण बाकी सगळं आलं. काचेच्या इमारती आल्या, त्यांत काम करणारी मुलं आली, त्यांच्यासाठी उंच सोसायट्या आल्या. जमीन मालकांच्याच मुलाने विकसित केली, आणि वहिनी आता नवव्या मजल्यावरून मला हात करतात. माझी नात त्याच काचेच्या एका इमारतीत नोकरीला आहे. तिला ही हकिकत सांगितली तर म्हणते, "वॉव आजी, तू तर फुल ॲक्टिव्हिस्ट होतीस!" मी म्हणते, "अगं, मी फुल मूर्ख होते. पण त्या दिवशी वारा शहाणा होता."

सुनावणी झाली त्याच वर्षीची एक गोष्ट राहिली. वहिनींच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. दूध तोवर पुन्हा सुरू झालं होतं, मापही पुन्हा जास्त पडायला लागलं होतं. सकाळी किटली खाली ठेवून त्यांनी मला जेवायला यायचं आमंत्रण दिलं. मी म्हटलं, येते, पण तुमच्या दारात पाऊल टाकायची अजून लाज वाटते हो. त्या पायरीवर बसल्या, पदराने घाम टिपला आणि म्हणाल्या,

"लाजायचं काय त्यात? सांजच्याला लवकर या. नातवाची दृष्ट तुमीच काडायची हाय. तुमच्या मिरच्यांनी ठसका बसला की नजर न्हाई म्हनून आमी निवांत. फकस्त आदी दारात हुबं ऱ्हावून वारं कुटलं हाय त्ये बगा."